पेपरमिंटची गोळी

थेरिओ वकिलाचा फलक ट्रक कंपनीच्या फाटकासमोर लागला, त्यालाही आता दुसरा गळीत हंगाम येऊ घातला होता. रस्त्यापलीकडे उसाच्या शेतात, लोखंडी खांबांवर त्याचा हसरा चेहरा, ट्रकच्या नाकाडाहून मोठा, आणि खाली ठळक अक्षरांत विचारणा: ट्रकने ठोकलं? मग मला फोन करा. असे फलक हायवेवर मैलामैलाला होते, कुणी त्यांच्याकडे मान वर करून पाहत नसे. हा मात्र इथे मुद्दाम लावलेला होता. यार्डातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पहिलं दर्शन थेरिओच्या दातांचं व्हायचं. ओडील गिद्री आपल्या टेबलाशेजारच्या खिडकीचा पडदा कायम ओढून ठेवायची, तरी तो माणूस पडद्याआडून आपल्याकडे बघतोय असं तिला वाटत राहायचं.

ही भीती उगाच नव्हती. कंपनीच्या ट्रकांच्या दारांवर पांढरा बगळा रंगवलेला असे, म्हणून सगळा मुलूख त्यांना बगळेवाले म्हणायचा. काही वर्षांपूर्वी बगळेवाल्यांच्या एका ट्रकला मोटार आडवी आली. सिग्नल ट्रकचा होता, चूक मोटारवाल्याची होती. पण ड्रायव्हर बिचारा खाली उतरला आणि आईने लावलेल्या वळणाप्रमाणे बोलून गेला, "माफ करा हो, माझं चुकलंच." झालं. ते एवढं एक वाक्य थेरिओने ज्युरीसमोर इतकं उगाळलं, की ज्युरीने शेवटी भरपाईचा जो आकडा सांगितला तो ऐकून मालक क्लोव्हिस मेलांसाँ कोर्टातल्या बाकावरून उठूच शकला नाही. बापाची जमीन गेली, निम्मे ट्रक गेले, विमा कंपनीने हात झटकले. नवी विमा कंपनी मिळाली ती अट घालूनच आली: पुन्हा असं एक प्रकरण झालं की आपला तुमचा संबंध संपला. आणि विम्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर काढता येत नाही. म्हणजे आणखी एकच खटला, आणि तीसेक घरांच्या चुली थंड.

तेव्हा डिस्पॅचच्या फोनवर बसून ट्रक कुठे धाडायचे ते सांगणाऱ्या ओडीलला क्लोव्हिसने सुरक्षेची प्रमुख केलं. पगार वाढला आणि झोप उडाली. तिने प्रत्येक ट्रकमध्ये डोळ्यांसमोर लटकेल असं एक कार्ड लावलं. अपघात झाला तर थांबा, पोलिसांना फोन करा, ऑफिसला फोन करा, आपल्या फोनवर चारी बाजूंनी व्हिडिओ घ्या, मग बाजूला थांबा. शेवटची ओळ लाल अक्षरांत होती: माफी मागू नका, अपघाताबद्दल कुणाशी काही बोलू नका.

पण कार्ड लावलं म्हणून माणसाची जीभ थोडीच थांबते? म्हणून दर महिन्याला ती ड्रायव्हरांची तालीम घ्यायची. पत्र्याच्या शेडमध्ये जुनी ताडपत्री अंथरलेली असे, तिच्यावर मोटारीचं एक मोडकं दार. त्या दाराखाली ओडील स्वतः आडवी व्हायची आणि जखमी बाईचं सोंग घेऊन आक्रोश करायची. चर्चच्या गायकवृंदात गाणारी बाई, गळा चांगला तयार होता. "कुणी आहे का? बोला ना काहीतरी!" ती असं ओरडली की समोर उभ्या असलेल्या ड्रायव्हरने तोंडातून ब्र न काढता फोन लावायचा, व्हिडिओ घ्यायचा आणि बाजूला उभं राहायचं. पहिल्यांदा सगळ्यांना हसू आलं. मग हळूहळू सगळ्यांना जमायला लागलं. एकट्या अल्सीडकाकांना जमत नव्हतं.

अल्सीड ब्रो हा यार्डातला सगळ्यांत जुना ड्रायव्हर, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी काका. माणूस असा, की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर टोपी काढून कुत्र्याची माफी मागेल. दुकानात धक्का दुसऱ्याने मारावा आणि माफ करा काकांनी म्हणावं. तालमीत ओडील ओरडायला लागली की ते धावत जाऊन तिच्याजवळ गुडघे टेकायचे आणि म्हणायचे, "आहे गं बाई, मी आहे इथे. माफ कर हो. घाबरू नकोस." की शेडमध्ये हशा. कुणीतरी मागून म्हणायचं, "काका, आता तिला कॉफी पण विचारा." काका ओशाळून हसायचे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करायचे.

क्लोव्हिस एकदा दारात उभा राहून हे पाहून गेला. तो हसला नाही. संध्याकाळी त्याने ओडीलला बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की हा म्हातारा आपल्याला बुडवणार आहे. "पुढच्या वेळी तो बोलला, तर ट्रकच्या किल्ल्या काढून घे. तुझ्या हाताने घे, मिस ओडील. माझ्या हाताने नको."

म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर ओडील काकांच्या घरी गेली. बायू म्हणतात त्या दलदलीतल्या संथ ओढ्याच्या काठी त्यांचं छोटं लाकडी घर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं नव्हती. ते ओसरीवर कोळंबी सोलत बसले होते, पायाशी कुत्रा. ओडीलने दुसरी सुरी घेतली आणि ती पण सोलायला बसली. या घरात तिला बस म्हणावं लागत नसे. तिचा बाप एमिल आणि काका वर्षानुवर्षं एका ट्रकमध्ये आळीपाळीने चाक धरत. एमिलच्या छातीत कळ आली ती रस्त्यातच, आजूबाजूला नुसती दलदल. काका एका हाताने गाडी हाकत होते, दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला होता, आणि हॉस्पिटल येईपर्यंत सारखे बोलत होते. मासेमारीच्या गप्पा, जुन्या खोड्या, ओडीलच्या लहानपणीच्या गमती. हॉस्पिटल यायच्या आधीच एमिल गेला, पण गेला तो गप्पा ऐकत. ओडीलला बापाच्या मरणाचं आठवायचं ते एवढंच, आणि तेवढ्यावर तिने बरीच रडणी आवरली होती.

"मला जमत नाही गं पोरी," काका म्हणाले. "समोर कुणी कण्हत असलं की तोंड आपोआप उघडतं. जांभई थांबवता येते का कुणाला?"

ओडीलने त्यांना किल्ल्यांचं सांगितलं. काकांचे हात थांबले. ट्रक गेला तर या माणसाकडे उरतं काय, एक कुत्रा आणि एक ओसरी, हे दोघांनाही माहीत होतं. तिने पर्स उघडली. गाताना घसा कोरडा पडू नये म्हणून ती पेपरमिंटच्या गोळ्या जवळ बाळगायची. त्यातली एक तिने काकांच्या तळहातावर ठेवली.

"ही दाढेखाली धरायची. मी समोर येईपर्यंत सोडायची नाही. तोंड उघडलं की गोळी पडली, आणि गोळी पडली की नोकरी गेली. एवढंच डोक्यात ठेवा."

काका गोळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि एमिलच्या वेळी माझ्या दाढेखाली गोळी असती तर?"

"तेव्हा समोर थेरिओ नव्हता, काका," ओडील म्हणाली. आपण बोललो ते बरोबर आहे असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. जाताना तिने पिशवीतल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या टेबलावर ओतल्या.

पुढच्या तालमीत काका पास झाले. ओडील दाराखालून ओरडत होती आणि ते जबडा घट्ट मिटून, शेडच्या पत्र्याकडे डोळे लावून उभे होते. फोन लावला, व्हिडिओ घेतला, बाजूला झाले. गोळीचं गुपित दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. ओडील गरजेपेक्षा थोडी जास्तच ओरडली. कुणीतरी काहीतरी बोलेल अशी तिला सवय झाली होती, आणि आज कुणीच बोललं नाही. मग टाळ्या पडल्या, कुणी काकांच्या पाठीवर थाप मारली, आणि ती कपडे झटकून उठली. काका तिच्याकडे न बघताच बाहेर गेले.

हंगाम सुरू झाला. ऊस तोडून झाला की शेतकरी पाचट पेटवतात आणि वारा फिरला की तो धूर रस्त्यावर उतरतो. त्या दिवसांत आकाशाला रंग नसतो, तोंडात कायम काजळी असते, आणि गाड्या भर दुपारी दिवे लावून चालतात. दरवर्षी एखादा तरी जातो. यंदा कोण, हे तेवढं माहीत नसतं. ओडील त्या दिवसांत फोन वाजला की आधी एक श्वास घ्यायची.

काकांचा फोन जेवणाच्या सुट्टीत आला. आवाज जड, शब्द तोंडात अडकल्यासारखे. "ठोकर झाली, ओडील. कार्डावरचं सगळं केलंय. तू ये." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

ती पोहोचली तेव्हा शेरिफच्या माणसांनी रस्ता अडवला होता. दोन्ही बाजूंनी शेतं धुमसत होती. ट्रेलरच्या मागच्या चाकांना चिकटून एक निळी मोटार, अर्धी चेपलेली, आणि मोटारीच्या दारावर टाकलेली चादर. धुरामुळे अ‍ॅम्ब्युलन्स रस्ता चुकली होती, ती आली तोवर उशीर झाला होता. काका उसाच्या कडेला टोपी हातात धरून उभे होते. ओडीलला पाहिल्यावर त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि गोळी बाहेर काढली. विरघळून विरघळून ती नखाएवढी पातळ झाली होती.

"एक शब्द बोललो नाही, पोरी," ते म्हणाले. "तू म्हणालीस तसंच. आता पास ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ओडीलला तेच सोसेना. तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना आपल्या गाडीत नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जवळजवळ सण होता. ट्रकच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ आलं होतं. काका आपल्या पट्ट्यात, सावकाश, दिवे लावून चाललेले, आणि निळी मोटार धुरातून पलीकडच्या बाजूने पट्टा ओलांडून थेट अंगावर येते. काकांनी चाक फिरवलं म्हणून ती ट्रकच्या तोंडाऐवजी ट्रेलरवर आदळली. कंपनीचा वकील प्रेजाँ म्हणाला की असा पुरावा त्याने आयुष्यात पाहिला नाही, हा आजच थेरिओकडे पाठवा, तो प्रकरणाला हात लावणार नाही. क्लोव्हिसने ओडीलला मिठी मारली. पडद्यावरचं चित्र सगळ्यांनी आदळण्यापर्यंत पाहिलं, तेही आवाज बंद करून.

काकांच्या फोनवरचा व्हिडिओ राहिला होता. नियमाप्रमाणे तो त्यांनी जागेवरूनच ऑफिसला पाठवला होता. ओडीलने दार लोटलं, कानाला हेडफोन लावला आणि तो सुरू केला.

आधी चाकांच्या खुणा, मग ट्रेलर, मग मोटारीची मागची बाजू. आणि मग बाईचा आवाज. तालमीत ओडील ओरडायची तसा नव्हता तो. खूप हळू, जवळजवळ घरातल्यासारखा. "कोण आहे? तुझे बूट दिसतायत मला. आहेस ना तिथे? बोल ना काहीतरी." बूट हलले नाहीत. कॅमेरा शिकवल्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे फिरला. "कॉरीनला सांग ना, भात स्टोव्हवर आहे म्हणावं. ऐकतोयस ना? बोल ना." आणि या सगळ्यात, अगदी जवळ, फोनच्या कानाशी असावा असा एक बारीक आवाज. टक्. थांबून पुन्हा टक्. ओडीलने तो मागे नेऊन परत ऐकला. दातांवर आपटणाऱ्या गोळीचा आवाज होता तो. बाई मरत होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक माणूस गोळी चघळत उभा होता. ज्याला आतलं माहीत नाही त्याला हे असंच ऐकू येणार होतं.

ती क्लोव्हिसकडे गेली. प्रेजाँने व्हिडिओ ऐकला आणि त्याचा रंग उतरला. पुसायचा विचारही करू नका, म्हणाला, पुसला तर जज्जच आपल्याला सोलून काढेल. मागितला की द्यावा लागणार. आणि थेरिओ मागणार, कारण मेलेल्या बाईची मुलगी त्याच्याकडे आधीच जाऊन बसली होती. बाईचं नाव तेरेझ ड्यूगा, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मुलगी कॉरीन, एकुलती एक. अपघाताचा दोष कंपनीचा नाही हे थेरिओही मान्य करेल, प्रेजाँ म्हणाला, पण तो ज्युरीला अपघात दाखवणारच नाही. तो हे ऐकवेल. आणि विचारेल की कुठली कंपनी आपल्या माणसांना असं शिकवते. मग आकडा ज्युरीच्या रागावर ठरेल. कंपनी राहील की नाही, ते त्या आकड्यावर.

"हा टक् टक् कसला?" प्रेजाँने विचारलं.

"माहीत नाही," ओडील म्हणाली. इतकं सहज निघालं तोंडातून, की तिचं तिलाच नवल वाटलं.

प्रेजाँने ते काकांकडून काढून घेतलं. गोळी होती, इतकंच काका म्हणाले, पुढचं काही बोलले नाहीत. प्रेजाँचे डोळे चमकले. कार्डावर गोळीबद्दल अक्षर नाही. तालमीत कुणी गोळी पाहिलेली नाही. कार्ड सांगतं, मदत बोलवा आणि बाजूला थांबा, अपघाताबद्दल बोलू नका. असं कार्ड प्रत्येक कंपनीत असतं. बाई मरत असताना गोळी चघळणं ही त्या माणसाची स्वतःची तऱ्हा. कंपनी वेगळी, माणूस वेगळा. एवढी एक फट ठेवली की थेरिओचा हात कंपनीच्या गळ्यापर्यंत पोहोचत नाही.

त्या दिवशी क्लोव्हिस ओडीलच्या खोलीत आला आणि मागे दार लावून उभा राहिला. "मिस ओडील, मी तुला काही विचारत नाही," तो म्हणाला. "तू मला काही सांगू नकोस." मग त्याने खिडकीचा पडदा थोडा बाजूला सारला, समोरच्या दातांकडे पाहिलं, आणि पडदा पुन्हा ओढून गेला. ओडीलच्या लक्षात आलं की याला सगळं कळलंय, आणि याने ते न कळल्यासारखं ठेवायचं ठरवलंय. इतकी वर्षं हा धंदा असाच तगला होता.

खटल्याआधीच्या शपथेवरच्या जबान्या थेरिओच्या ऑफिसात झाल्या. लांब टेबल, गार हवा, सगळ्यांसमोर कॉफी, आणि शब्दन् शब्द टिपणारी एक बाई. प्रत्यक्षातला थेरिओ फलकापेक्षा बराच म्हातारा होता आणि हसत नव्हता. त्याच्या शेजारी कॉरीन, शाळेतून नुकतीच सुटल्यासारखी दिसणारी, आईचा स्वेटर घालून. मोठा होत होता तो तिला. ओडीलला पलीकडच्या खुर्चीवर बसवलं होतं, काकांच्या अगदी समोर.

थेरिओने व्हिडिओ लावला. बाईचा आवाज खोलीत भरला. कॉरीनने डोळे मिटले नाहीत. भाताचं ऐकलं तेव्हा तिची हनुवटी हलली, बस्स. संपल्यावर थेरिओने तेवढाच एक तुकडा पुन्हा लावला. टक्.

"हा आवाज कसला, मिस्टर अल्सीड?"

"पेपरमिंटची गोळी."

"कुणी दिली?"

काकांनी ओडीलकडे पाहिलं. फार वेळ नाही. आरशात मागची गाडी बघावी तसं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "माझीच," ते म्हणाले. "मला गोड आवडतं."

कॉरीनच्या घशातून एक आवाज निघाला. काका तिच्याकडे वळले, त्यांचे ओठ उघडले, आणि ओडीलला माहीत होतं त्यातून काय निघणार आहे. प्रेजाँने त्यांच्या बाहीवर हात ठेवला. काकांनी तोंड मिटलं. ते किती सराईतपणे मिटलं हे फक्त ओडीलला कळलं, कारण तेही तिनेच शिकवलं होतं.

मग तिची पाळी आली. थेरिओने तालमीबद्दल विचारलं, कार्डाबद्दल विचारलं. प्रेजाँने घोकून घेतलेली उत्तरं तिने दिली. जखमी माणसाशी बोलू नका असं तुम्ही शिकवता का? अपघाताबद्दल बोलू नका असं शिकवतो. माणुसकी सोडा असं शिकवता का? नाही. थेरिओ काही मूर्ख नव्हता. बारीकशी का होईना, त्याला फट दिसत होती.

"त्या गोळीबद्दल तुम्हाला आधी काही माहीत होतं?"

ओडीलला तीस घरं दिसली. पडदा ओढून घेणारा क्लोव्हिस दिसला. आणि सगळ्यांच्या पुढे, खोटं कशाला बोलायचं, तिला ती स्वतः दिसली, कोर्टातल्या साक्षीच्या खुर्चीवर, सगळ्या ज्युरीसमोर, हातात पर्स घेऊन. टिपणारी बाई बोटं तयार ठेवून थांबली होती.

"काहीतरी बोला ना," कॉरीन म्हणाली. तिला बोलायची परवानगी नव्हती. थेरिओने तिला हाताने थांबवलं.

"नाही," ओडील म्हणाली. "मला काही माहीत नव्हतं."

प्रकरण कोर्टात गेलंच नाही. विमा कंपनीने थोडं काही देऊन मिटवून टाकलं आणि क्लोव्हिसला पत्र पाठवून कौतुक केलं. काकांना अर्थातच काढून टाकलं, वेगळा माणूस म्हणायचं तर वेगळा करायला हवाच होता. पण तो व्हिडिओ कुठून तरी बाहेर पडला. गावात त्यांना गोळीवाला म्हणायला लागले. दुकानात गल्ल्यावरची पोरगी त्यांचं सामान न बोलता पुढे ढकलायची. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. ओडील वर गायकवृंदात उभी असायची, तिला तो रिकामा बाक आणि त्याच्या टोकाला बसलेलं डोकं वरून दिसायचं. तोंडात गोळी न ठेवता गायची सवय तिने करून घेतली.

शेवटी एका रविवारी ती गेली. ओसरीवर खोकी बांधलेली होती. काकांची बहीण मिसिसिपीत राहायची, ते तिच्याकडे चालले होते. त्यांनी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. ओडील बसली नाही. जे बोलायला आली होती ते एकच वाक्य होतं, गाडीत वाटेत तिने ते म्हणूनही पाहिलं होतं.

काकाच आधी बोलले. "माफ कर हं, पोरी," ते म्हणाले. "माझ्यापायी तुला त्या खोलीत खोटं बोलावं लागलं."

ओडीलचं तोंड उघडलं. त्यातून काही निघेना. ती तशीच उभी राहिली आणि कुत्रा तिच्या बुटांचा वास घेत राहिला. मग काका खोक्याला दोरी बांधायला वाकले आणि ती गाडीकडे परतली.

कार्ड बदललं. प्रेजाँचं म्हणणं पडलं की अगदी गप्प राहणं ज्युरीला खुपतं, तेव्हा एक वाक्य बोलायची मुभा द्यावी. लाल ओळीखाली हिरवी ओळ आली: जखमींना फक्त एवढंच सांगा, मदत येतेय. बाकी काही नाही. विमा कंपनीला ते फार आवडलं. कामं वाढली, नवे ट्रक आले, नवे ड्रायव्हर घेतले. बगळे नव्याने रंगवले. समोरचा फलक होता तिथेच होता, फक्त थेरिओचा फोटो नवा लागला होता.

नव्या ड्रायव्हरांची पहिली तालीम क्लोव्हिस स्वतः बघायला आला. ओडील ताडपत्रीवर आडवी झाली, मोडकं दार अंगावर घेतलं. खालून तिला पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि एका रांगेत उभे असलेले बूट. तिने तोंड उघडलं आणि नेहमीसारखी ओरडणार, तोच आवाज वेगळाच निघाला. हळू, जवळजवळ घरातल्यासारखा. "कोण आहे? तुमचे बूट दिसतायत मला. बोला ना काहीतरी."

बूट हलले नाहीत. ती थांबायचा प्रयत्न करत होती, पण जांभई थांबवता येत नाही तसं झालं. अंग हुंदक्यांनी गदगदायला लागलं, दार तिच्या अंगावर खडखडू लागलं. "बोला ना," ती म्हणत होती, "काका, बोला ना काहीतरी." या शेडमध्ये कधी काळी एक माणूस होता, तो आत्तापर्यंत गुडघे टेकून बसला असता.

रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरने फोन वर धरला आणि तिचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. क्लोव्हिसने समाधानाने मान हलवली.

"मदत येतेय," पहिला म्हणाला.

ओडील रडत होती. दुसऱ्याने आपला फोन काढला.

"मदत येतेय," तो म्हणाला, आणि शिकवल्याप्रमाणे बाजूला जाऊन उभा राहिला.